विमानतळावर माती चालत नाही, काटोल रोडवर टेम्पो भरून चालते : संत्र्याच्या कलमा, डिंक्या आणि कायदा

मृगबहार | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, बाग काटोलच्या पुढे, चार एकर. बाबांच्या वेळची जुनी झाडं काढून दोन वर्षांमागे तीनशे संत्रा कलमा लावल्या. जंभेरीच्या खुंटावरच्या, म्हणजे खाली जंभेरी लिंबाचं मूळ आणि त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा. रोपवाटिकेचं नाव लिहीत नाही, भांडण इथे आणायचं नाही.

यंदा पाऊस उघडला तसं सत्तरेक झाडांचं पान शिरेपासून पिवळं पडायला लागलं. आधी वाटलं खत कमी पडलं. मग बुंध्याशी डिंक दिसला, म्हणजे डिंक्या रोग. परवा एक झाड उपटून पाहिलं. उपटावं लागलंच नाही, एका हातानं आलं. बारीक मुळी दोन बोटांत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. वास असा की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं शिळं जेवण.

आता खरा प्रश्न. गेल्या वर्षी बहीण सिंगापूरहून ऑर्किडचं एक रोप घेऊन आली. मुंबई विमानतळावर ते काढून घेतलं. एवढंसं रोप, बोटभर मॉस. तिला कागद दाखवून समजावलं की परवाना नाही, रोगमुक्तीचा दाखला नाही, आत नेता येणार नाही. बरोबरच आहे म्हणा. पण माझ्या तीनशे कलमा, प्रत्येकीसोबत किलो-दीड किलो ओली माती, टेम्पोत बसून तीन तालुके ओलांडून आल्या. कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

देशाच्या आत रोपांच्या रोगराईसाठी काही कायदा आहे का? असेल तर तो कुठे झोपलाय? आणि माझ्या हातात काही आहे का?

तर्रीपोहा | रात्री ९.५१

कायदा झोपला नाही भाऊ, संत्रा बर्फी खाऊन आडवा झालाय.

कळमन्याचा_काटा | रात्री १०.०५

पक्कं बिल आहे का?

मृगबहार | रात्री १०.०९

वहीचा फाडलेला कागद आहे. त्यावर "३०० संत्रा, जमा" आणि एक सही. सही कोणाची ते मलाही वाचता येत नाही.

कळमन्याचा_काटा | रात्री १०.१०

मग बसा.

निवृत्त_कृषी | रात्री ११.२०

तीस वर्षं याच खात्यात काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

कायदे आहेत. पहिला १९१४ चा, विनाशकारी कीड व रोग अधिनियम. इंग्रजांच्या काळचा, अजून चालू. त्याच्या आधारावर २००३ चा वनस्पती क्वारंटाईन आदेश निघाला. बहिणीचं ऑर्किड अडलं ते त्या आदेशाखाली. आयात परवाना हवा, निघालेल्या देशाच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला हवा, बंदरावर किंवा विमानतळावर तपासणी. लागवडीसाठी आणलेली रोपं आणि डोळे आल्यावरही काही काळ वेगळे ठेवून पाहतात. आणि रोपासोबत माती? ती तर बंदच. संशोधनासाठी खास परवानगी घेतली तरच. कारण उघड आहे, पान पाहून रोग दिसतो, माती पाहून काय दिसणार?

आता देशाच्या आत. त्याच १९१४ च्या कायद्याखाली काही रोगकिडींसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल न्यायला बंदी घालता येते. बटाट्याचा चामखीळ रोग हा बुरशीचा, दार्जिलिंगकडे आला म्हणून तिथला बटाटा पश्चिम बंगालच्या बाहेर न्यायला बंदी घातली. सफरचंदाचा खवड्या रोगही त्या यादीत आहे. यादी लहान आहे आणि तुमचा डिंक्या त्यात नाही. असूही शकत नाही, कारण तो आधीच सगळीकडे पसरलाय. क्वारंटाईन म्हणजे दाराला कडी. चोर घरात येऊन जेवायला बसला की कडीचा उपयोग नाही.

तुमच्या कामाचा कायदा तिसराच. महाराष्ट्राचा १९६९ चा फळरोपवाटिका आणि फळझाडं विक्रीचा. परवाना घेतल्याशिवाय फळझाडांची रोपवाटिका चालवता येत नाही. खुंट कुठला, डोळा कुठल्या झाडाचा, याची नोंद ठेवायची. मातृवृक्ष निरोगी ठेवायचे, रोगट कलम विकायची नाही. कागदावर सगळं नीट आहे. पण तपासायला माणसं किती आणि रोपवाटिका किती, हा हिशेब मी नोकरीत असतानाही जुळत नव्हता. एका दिवसात दहा ठिकाणी जायचं, तर बघणार काय? वही बघायची, चहा घ्यायचा, निघायचं. मीही घेतलाय चहा, खोटं कशाला बोलू.

काटोलकर_भाऊ | मंगळवार, सकाळी ६.१५

मृगबहार भाऊ, राग मानू नोका. पन रोपवाटिकेवाल्याले फाशी द्यायच्या आधी मले तीन गोष्टी सांगा. पानी कसं देता? दांडानं सोडता का बुंध्यापर्यंत? जमीन काळी हाये का चोपन? आन् कलम लावतानी डोळ्याची जागा मातीच्या वर ठेवली होती का खाली गेली?

माह्या शेजाऱ्यानं एकाच गाडीतल्या कलमा लावल्या अन् मी बी लावल्या. त्याच्या गेल्या, माह्या हायेत. मी दुहेरी आळं करतो. बुंध्याजवळ लहान आळं कोरडं, पानी बाहेरच्या आळ्यात. बुंध्याले पानी लागलं की संपलं. कायदा काय तुमच्या शेतात येऊन पानी बंद करून रायला?

मृगबहार | सकाळी ७.४०

भाऊ, खरं सांगतो. ठिबक आहे, पण उन्हाळ्यात लाईटचा घोळ झाला तेव्हा पंधरा दिवस दांडानं सोडलं. आणि वाऱ्यानं हलतात म्हणून गड्यानं काही ठिकाणी माती चढवली, डोळा झाकला गेला. मेलेल्या सत्तरांत अशी किती, ते आज मोजायला जातो.

सूक्ष्मदर्शी | सकाळी १०.०२

डिंक्याला सगळे बुरशीच समजतात म्हणून नाक खुपसते. संत्र्याचा डिंक्या आणि मूळकूज करणारा जीव म्हणजे फायटोप्थोरा. नाव १८७६ साली द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं ठेवलं, ग्रीकमध्ये अर्थ "झाडांचा नाश करणारा". दिसतो बुरशीसारखा, वाढतो बुरशीसारखा, शिकवतातही बुरशीच्या धड्यात. पण ती खरी बुरशी नाही. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोज. नात्यानं तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळचा. आणि त्याचे बीजाणू चक्क पोहतात, दोन शेपट्या हलवत. काटोलकर भाऊंचं दुहेरी आळं का चालतं ते यातच आलं. पाणी तुंबलं की त्यांना पोहायला तलाव मिळतो.

हे पुस्तकी पांडित्य म्हणून सांगत नाही. दुकानात डिंक्या म्हटलं की पुष्कळदा कार्बेन्डाझिम हातात देतात. ते या जिवावर चालतच नाही. त्यासाठी मेटॅलॅक्सिल किंवा फॉसेटिल लागतं. मृगबहार, तुम्ही काय टाकलंत?

मृगबहार | सकाळी १०.३०

कार्बेन्डाझिम. दोनदा.

तर्रीपोहा | सकाळी १०.३३

म्हणजे आरोपी बुरशीच नाही. युवर ऑनर, खटला रद्द करण्यात यावा.

परदेशी_पोपट | सकाळी ११.१५

मी मूळचा धरमपेठेतला, आता ऑकलंडला. इथल्या विमानतळावरचा अनुभव सांगतो. ट्रेकिंगचे बूट आणलेत का, हे फॉर्मवर विचारतात. मी हो लिहिलं, तर बाईंनी बूट मागितले, उलटे केले, खिळ्यांमधली माती पाहिली आणि आत जाऊन धुऊन, पिशवीत घालून परत दिले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं माझे बूट धुतले. त्याच रांगेत एकाच्या पिशवीत विसरलेलं सफरचंद निघालं, जागच्या जागी चारशे डॉलर दंड. ऑस्ट्रेलियात तर २०२२ साली एका प्रवाशानं बालीहून सामानात मॅकमफिन आणला आणि न सांगितल्याबद्दल २,६६४ डॉलर भरले. तो प्रकार मांसामुळे होता, पण शिस्त तीच.

आपल्याकडे ही शिस्त नाही, हेच मूळ दुखणं. निवृत्त साहेब म्हणतात चहा घ्यायचा आणि निघायचं. इथे चहा नाही.

गव्हाची_ओंबी | दुपारी १२.४८

पोपटराव, बूट धुतले ते छान झालं. पण मर्टल रस्ट, म्हणजे जांभूळ-निलगिरीच्या कुळातल्या झाडांचा तांबेरा, ऑस्ट्रेलियात २०१० ला पोचला आणि तुमच्या न्यूझीलंडात २०१७ ला. बहुधा वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडून आला. वाऱ्याचे बूट कोण धुणार?

मी गव्हावर काम करते. आपल्या मध्य भारतातल्या गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याची गोष्ट ऐका. आग्ऱ्याच्या के. सी. मेहता यांनी आयुष्य घालवून दाखवलं की मैदानातल्या उन्हाळ्यात हा तांबेरा टिकत नाही. तो निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर जगतो आणि दर वर्षी वाऱ्यावर खाली येतो. मग उपाय काय निघाला? नाकाबंदी नाही. तांबेऱ्याला न जुमानणारे वाण, आणि रोग कुठे पोचला त्यावर नजर.

म्हणून मला वाटतं, आधी रोग कशावर बसून येतो ते पाहा, मग कायदा करा. वाऱ्यावरच्या रोगाला चेकपोस्ट लावणं म्हणजे पावसाला पावती मागणं. मातीतला आणि रोपातला रोग मात्र चेकपोस्टवर अडवता येतो. मृगबहार यांचा दुसऱ्या जातीचा आहे, म्हणून त्यांची तक्रार रास्त आहे.

परदेशी_पोपट | दुपारी १.२०

वाऱ्याचं मान्य. पण सगळंच वाऱ्यावर सोडू नका.

गव्हाची_ओंबी | दुपारी २.०५

सोडत नाहीये. उलट सरकार कडक झालं की काय होतं तेही सांगते. गव्हाचा करपा, ज्याला ब्लास्ट म्हणतात, १९८५ साली ब्राझीलमध्ये पहिल्यांदा सापडला. तीस वर्षं दक्षिण अमेरिकेबाहेर फारसा गेला नाही आणि २०१६ च्या फेब्रुवारीत एकदम बांगलादेशात उगवला. सुमारे पंधरा हजार हेक्टर गव्हाला लागण. वाऱ्यानं एवढा पल्ला नाही मारता येत. जनुकं तपासली तेव्हा तो दक्षिण अमेरिकेतल्या वंशाचा निघाला. म्हणजे धान्यातून किंवा बियाण्यातून आला असणार, हाच संशय.

मग पश्चिम बंगालनं काय केलं? सीमेपासून पाच किलोमीटरपर्यंत गहू पेरायचाच नाही. नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत तर दोन वर्षं गव्हाला सुट्टी. लागलेली शेतं जाळली. शास्त्र म्हणून निर्णय योग्य होता, मी बाजूनंच आहे. पण ज्याचं शेत जाळायचं त्याच्या जागी उभं राहून बघा. पुढच्या वेळी ओंबी पांढरी दिसली तर तो फोन करेल, की गुपचूप कापून मोकळा होईल?

निवृत्त_कृषी | दुपारी ३.३०

ओंबीताईंनी बरोबर नस पकडली. भरपाई नाही तर खबर नाही. ऑस्ट्रेलियात सरकारं आणि पिकांच्या संघटना यांनी खर्च वाटून घ्यायचा करारच केलाय, त्यात झाडं नष्ट करावी लागलेल्या मालकाला पैसे मिळायची सोय आहे. आपल्याकडे २०१३ साली कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. स्वामिनाथन यांच्या शेतकरी आयोगानं अशी व्यवस्था सुचवली होतीच. झाडं, जनावरं, मासे सगळ्यांच्या रोगराईवर एकच प्राधिकरण, असा बेत. २०१४ ला लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं. त्यामुळे आजही गाडी १९१४ च्या इंजिनावर.

आणखी एक गाठ. शेती आणि पिकांचे रोग हा राज्यसूचीतला विषय, चौदावी नोंद. रोग एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ नये, हे समवर्ती सूचीत, एकोणतिसावी. आणि राज्याराज्यांतलं क्वारंटाईन केंद्राकडे, एक्क्याऐंशी. आता मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची कलम आपल्या नरखेडला आली तर विचारायचं कोणी? अंतर तासाभराचं, नोंदी तीन.

इतवारीची_नात | दुपारी ४.१०

मला शेतीतलं काही कळत नाही पण धागा भारी चाललाय. आजी म्हणते पूर्वी इतवारीत संत्री यायची तर सालीवर काळं काही नसायचं. आता काजळी असते, धुतल्यावर जाते. हाच तो रोग का?

सूक्ष्मदर्शी | दुपारी ४.२२

नाही. ती कोळशी. काळी माशी पानांवर गोड चिकटा टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते. ती फळात शिरत नाही, धुऊन खा. आणि ही मात्र खरी बुरशी आहे बरं का, तर्रीपोहा.

तर्रीपोहा | दुपारी ४.२५

अटक करा तिला.

इतवारीची_नात | दुपारी ४.३१

आजी विचारतेय संत्रा बर्फी खऱ्या संत्र्याची असते का.

संपादक_मंडळ | दुपारी ४.५०

संत्रा बर्फीसाठी खाऊगल्ली विभागात वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसादांचा. कृपया तिकडे.

मिहानवाला | संध्याकाळी ६.००

मी मालवाहतुकीत आहे. एक गंमत सांगतो. यंत्राचे सुटे भाग परदेशी पाठवायचे तर खालचा लाकडी पॅलेटसुद्धा तसाच जात नाही. लाकूड तापवायचं, त्याच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशाला सलग तीस मिनिटं राहिलं पाहिजे. मग त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का. शिक्का पुसट दिसला म्हणून परदेशातल्या बंदरावर आमचा माल अडकलाय, चार दिवसांचं भाडं अंगावर.

म्हणजे मेलेल्या लाकडाला शिक्का लागतो आणि जिवंत कलमेला वहीचा कागद.

शेंदुरजना_रोपवाला | संध्याकाळी ७.३५

कालपासून वाचून रायलो, आता बोलतो. माझी रोपवाटिका आहे, परवाना आहे, बापाच्या काळापासून. सगळे आमच्यावर तुटून पडलेत म्हणून आमची बाजूही ऐका जी.

पहिली गोष्ट, माती. पिशवी भरायला माती लागते, ती नदीकाठची पोयटा घ्यायची की जुन्या बागेतली, यात सगळा खेळ. जुन्या बागेतली माती म्हणजे रोग विकत घेणं, हे आम्हालाही कळतं. मी उन्हाळ्यात माती ओली करून प्लास्टिक अंथरून तापवतो, वाफे जमिनीपासून उचलून घेतो, एका जागी दुसऱ्यांदा बी टाकत नाही. यात पैसा जातो. मग माझी कलम शेजारच्याहून दीडपट पडते. शेतकरी येतो, हात लावतो, उंची बघतो, म्हणतो तो कमी मागतो. अन् निघून जातो. आजपर्यंत एकानंही पिशवी फोडून मुळी पाहिली नाही. एकानंही! शेंडा बघून नवरी पसंत.

दुसरी, टेम्पोवाले. ना रोपवाटिका, ना परवाना. चार ठिकाणचा माल गोळा करायचा, बांधावर पोचवायचा, चिठ्ठी फाडायची. मृगबहार साहेब, तुमची वही बघून मला तसाच वास येतो.

मृगबहार | रात्री ८.१५

नाही, मी स्वतः रोपवाटिकेत गेलो होतो. पण मुळी पाहिली नाही, हे खरं. शेंडाच पाहिला.

रावेरचा_केळीवाला | रात्री ९.००

आमच्याकडे केळी. संत्र्यावाल्यांनो, तुम्ही सत्तर झाडांवर रडता, आमच्या डोक्यावर टीआर-४ ची तलवार आहे. फ्युजेरियम, मर रोग, आणि ही खरी बुरशी. बिहारात कटिहारकडे आणि उत्तर प्रदेशात सापडली. एकदा मातीत गेली की पुढची अनेक वर्षं तिथेच, औषध नाही. जाते कशावर? कंदावर, मातीवर, ट्रॅक्टरच्या टायरवर, मजुरांच्या चपलांवर. मी गेटावर चुन्याचा हौद केला तर गावातले हसले. म्हणे दवाखाना उघडला का. बाहेरचा ट्रॅक्टर मी आत घेत नाही, त्यावरून सोयऱ्याशी बोलणं बंद झालंय.

म्हणून कायदा कायदा करू नका. माझ्या बांधावरचं क्वारंटाईन मीच.

काटोलकर_भाऊ | रात्री ९.२०

हा मानूस खरा.

सूक्ष्मदर्शी | रात्री ९.५५

केळीवाले दादा, हौद छान, फक्त चुन्यावर भिस्त ठेवू नका. आधी ब्रशनं माती घासून काढा, जंतुनाशक मग. चिखलाच्या आत काहीच पोचत नाही.

पण "मीच क्वारंटाईन" हे अर्धंच पटतं. तुम्ही हौद करा, वरच्या शेतातून पावसाचं पाणी तुमच्यात उतरलं की काय करणार? रोग बांध मानत नाही म्हणून तर कायदा लागतो.

निवृत्त_कृषी | बुधवार, सकाळी ८.१०

नवीन काही घडतंय तेही नोंदवतो, नाहीतर मी नुसता रडगाणं गातो असं वाटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला, १,७६५.६७ कोटींचा. देशात नऊ केंद्रं, त्यात लिंबूवर्गीय फळांसाठी आपलं नागपूर. तपासलेले मातृवृक्ष, त्यांचेच डोळे, रोपवाटिकांना तिथून माल, अशी साखळी.

शेंदुरजना_रोपवाला | सकाळी ८.४५

चांगलं आहे. पण साहेब, तो कार्यक्रम मुख्यतः विषाणूंसाठी. डोळ्यातून येणारा रोग त्यानं थांबेल. डिंक्या डोळ्यातून येतच नाही, मातीतून येतो. स्वच्छ डोळा आणून मी जुन्या मातीत लावला तर?

निवृत्त_कृषी | सकाळी ९.००

मुद्दा मान्य. डोळा आणि माती दोन्ही हवेत. पण निदान साखळीच्या एका टोकाला कोणीतरी तपासतंय.

गव्हाची_ओंबी | सकाळी ११.३०

डोळा आणि मातीवरून एक जुना किस्सा. फ्रान्समध्ये द्राक्षांच्या मुळांना फायलॉक्सेरा नावाचा किडा लागला, बागा उजाड झाल्या. त्याला दाद न देणारे खुंट अमेरिकेतून आणले. किड्याचा प्रश्न सुटला, पण १८७८ च्या सुमारास तिकडूनच केवडा रोग आला. मग बोर्डोच्या परिसरात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसलं, की रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना फासलेल्या वेलींवर केवडा नाही. १८८५ साली त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. आज काटोलात संत्र्याच्या बुंध्याला जी बोर्डो पेस्ट फासतात ती हीच. अमेरिकन खुंटासोबत आलेल्या रोगावरचा फ्रेंच उतारा, फासणारा आपला काटोलकर भाऊ.

काटोलकर_भाऊ | दुपारी १२.०५

आपन तर बापापासून लावून रायलो, हे आज समजलं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पानी. दोन्ही येगयेगळे भिजवाचे, मंग एकत्र. लोखंडी बादली नोको, प्लास्टिकची. झाल्यावर त्यात इळ्याचं पातं बुडवाचं, पात्यावर तांबडं चढलं तर चुना कमी पडला, अजून टाका. पावसाच्या आधी एकदा अन् नंतर एकदा, बुंध्याले तीन फुटांपर्यंत.

तर्रीपोहा | दुपारी १२.१०

चोरांसाठी फासलं आणि रोग पळाला. आमच्या सोसायटीतल्या आंब्याला पण फासावं म्हणतो, दोन्ही समस्या आहेत.

मृगबहार | रविवार, रात्री ८.०५

चार दिवस गायब होतो. हिशेब देतो.

आधी मोजणी. मेलेली आणि पिवळी मिळून ७४. त्यातली ३१ डोळा मातीत गेलेली. काटोलकर भाऊ, ती माझ्या माथी. राहिली ४३ डोळा वर असलेली, ठिबकवरची, दांडाचं पाणी पोचलं नाही अशा उंच भागातली. म्हणजे सगळाच दोष पाण्याचा नाही.

सूक्ष्मदर्शी ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तशी माती घेतली. वरची सुकी बाजूला सारून, मुळांजवळची ओलसर, बारीक मुळ्यांसकट, पिशवीत बांधून सावलीत. अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत नेऊन दिली, तपासणीत फायटोप्थोरा निघाला. ताईंनी एक घरचा खेळही सांगितला होता, तोही केला. वाटीत ती माती, वर पाणी, पाण्यावर संत्र्याच्या कोवळ्या पानाचे कात्रीनं कापलेले तुकडे तरंगत ठेवले. तीन दिवसांनी तुकड्यांच्या कडा तपकिरी. पुतण्याच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कडेला लिंबाच्या आकाराच्या पिशव्या लटकलेल्या. अगदी छोटी लिंबं. संत्र्याला मारणारा दिसतो लिंबासारखा, हसावं की रडावं कळेना. लावणीतून उरलेल्या दोन कलमा मागच्या अंगणात पिशवीतच होत्या, जमिनीला न लागलेल्या. त्यांच्या मातीचीही वाटी केली. तिथेही लिंबं.

ते घेऊन रोपवाटिकेत गेलो. भांडलो नाही. मालकानं ऐकून घेतलं, पाणी दिलं, म्हणाला, तुमचं नुकसान नको, सत्तर कलमा फुकट घेऊन जा. मागे नेऊन दाखवल्या. हिरव्यागार, कमरेएवढ्या. पिशव्या भरायची माती कुठली, विचारलं तर बोट दाखवलं. वीस पावलांवर जुनी बाग. त्यातली चार झाडं शेंड्याकडून वाळलेली.

मंडळी, घेऊ का?

काटोलकर_भाऊ | रात्री ८.२०

फुकट देल्लं तरी नोको.

शेंदुरजना_रोपवाला | रात्री ८.४१

घेऊ नका. पण रिकाम्या हातानंही येऊ नका. परवाना क्रमांक, खुंट, डोळा, तारीख आणि "३०० पैकी ७४ मेल्या", एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. आमच्यातल्या चुकार माणसालाही लेखी द्यायचं म्हटलं की घाम फुटतो.

निवृत्त_कृषी | रात्री ९.१५

आणि मातीच्या दोन्ही तपासण्यांसकट तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. घरची वाटी कार्यालयात चालणार नाही, अंगणातल्या दोन कलमांची माती उद्याच संस्थेत द्या. तुमच्या शेतातल्या मातीवर तो म्हणेल तुमच्याच जमिनीतला रोग. न लावलेल्या कलमेवर काय म्हणेल?

सूक्ष्मदर्शी | रात्री ९.१८

त्या दोन पिशव्या फोडू नका! पाणी घालत राहा, वाळवू नका.

मृगबहार | रात्री ९.४०

बायकोनं आज सकाळी अंगण झाडताना एक पिशवी तुळशीच्या कुंडीत रिकामी केली. एक शिल्लक आहे. ती आता देवघराशेजारी ठेवलीय.

तर्रीपोहा | रात्री ९.४४

आणि बिल?

मृगबहार | रात्री ९.५२

लिहून देतो म्हणालाय. मंगळवारी बोलावलंय. पक्कं की वहीचं, ते मंगळवारी कळवतो.